संध्याकाळचा रकाना

११ नोव्हेंबर २०२४, सोमवार. खामगाव

नागपूरच्या दवाखान्यातून काल परतलो. समीक्षाने एक छापील तक्ता दिला आहे. सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि झोपताना असे चार रकाने. बटण दाबले की खूण करायची आणि दुखणे दहापैकी किती ते लिहायचे. समीक्षा आमचीच मुलगी, त्याच दवाखान्यात फिजिओथेरपी करते; पण तक्ता देताना अगदी परक्या नर्ससारखी बोलली. "आई, यात फक्त आकडे हं. तुझं वर्णन नको." म्हणून वर्णनासाठी ही वही काढली. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आमच्याकडून रोज पाच ओळी लिहून घेत. त्या सवयीला पन्नास वर्षांनी काम मिळाले.

तर वर्णन. यांचा उजवा हात कोपराखाली चार बोटांच्या अंतरावर संपतो. तीन वर्षांपूर्वी जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, चालत्या मशीनखालून नमुन्याची रुई उचलायला यांनी हात घातला. चाळीस वर्षे घालत होते, तसाच. हात गेला, पण दुखणे राहिले. नसलेल्या हाताची मूठ घट्ट आवळलेली राहते, नखे तळव्यात रुततात आणि ती मूठ उघडता येत नाही. गोळ्या, इंजेक्शने, आरशासमोरचे व्यायाम, सगळे झाले. आता ऑक्टोबरमध्ये दंडातल्या नसेभोवती बारीकशी पट्टी बसवली, छातीच्या कातडीखाली बॅटरी ठेवली, आणि हातात एक रिमोट दिला.

डॉक्टरांनी छान समजावून सांगितले. कापलेल्या नसेच्या टोकाला गाठ धरते आणि ती मेंदूला खोट्या बातम्या पाठवत राहते. बटण दाबले की सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट होणारा करंट नसेत सोडतात आणि बातमी तिथेच अडते. नस मरत नाही. करंट अर्धा तास चालतो, त्याचा गुण तीन-चार तास टिकतो, मग सगळे पूर्ववत.

"म्हंजे जलंबच्या रेल्वे फाटकासारखं," हे म्हणाले. "गाडी हाये, पण उभी."

डॉक्टर हसले. त्यांनी एकच अट घातली. हा अभ्यास आहे, यंत्र अजून बाजारात नाही. ठरलेल्या चारही वेळा वापर झाला पाहिजे. रिमोटमध्ये नोंद राहते आणि फोनवरून त्यांच्याकडे जाते. फेब्रुवारीत तपासणी. वापर अर्धवट दिसला तर नाव कमी करून यंत्र काढून घेतील, कारण वाट पाहणारे पुष्कळ आहेत.

पहिल्यांदा बटण दाबले तेव्हा मी समोर बसले होते. दहा-बारा मिनिटांनी यांच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून गेल्या. तीन वर्षांत मी हा चेहरा पाहिला नव्हता. लग्नातल्या फोटोत आहे, तो.

"दुखतंय?"

"नाई."

"मग असे का बसलात?"

"हात गेला वो," हे म्हणाले.

मला हसूच आले. म्हटले, हात जाऊन तीन वर्षे झाली, तुम्हाला आज कळले?


१४ नोव्हेंबर, गुरुवार

चारही खुणा. दुखणे एक, दोन, एक, दोन. दुपारी हे घोरत होते, ते मी उंबऱ्यात उभी राहून ऐकले.

आज बालदिन म्हणून शाळेची आठवण आली. अकोल्याचे आमचे कॉन्व्हेंट, पांढरे मोजे, आणि भरतकामाच्या तासाला खिडकीतून येणारा सरकीचा वास. गावाबाहेरच्या जिनांकडून वारा आला की सिस्टर नाकाला रुमाल लावत. मलाही तो वास गावंढळ वाटे. मग मुलगी पाहायला आले ते जिनिंगचे ग्रेडर, कापसाची प्रत ठरवणारे! केसांत रुईचे पुंजके तसेच. सोबत मोठी बहीण मनकर्णाबाई. मी चहा ठेवला, तर गृहस्थाचे लक्ष माझ्याकडे नाहीच. टेबलावर मी विणलेल्या किनारीचा टेबलक्लॉथ होता, त्याचे टोक उजव्या हाताच्या चिमटीत धरून चोळत होते. शेवटी बहिणीला म्हणाले, "काम लय सुंदर हाये, पण धागा आखूड."

माझे बाबा गोरेमोरे झाले. मी मात्र तेव्हाच ठरवले. माझ्या कामाकडे इतके नीट कोणी पाहिले नव्हते, सिस्टरनीसुद्धा.


२० नोव्हेंबर, बुधवार

मतदान करून आलो. डाव्या तर्जनीला शाई लावतात. हे केंद्रावरच्या बाईंना म्हणाले, "बरं झालं मशीननं उजवाच नेला. डावा नेला असता तर शाई कोठी लावली असती?" रांग हसली. असे हे पूर्वी बोलत.

संध्याकाळी पेपर वाचताना मी रिमोट पुढे केला, तर म्हणाले, "मंग दाबतो." मग राहूनच गेले. एखादे दिवशी चालते.


१ डिसेंबर, रविवार

संध्याकाळी भगवंतराव आले. जिनिंगमधले यांचे जुने सोबती, आता निवृत्त. हंगाम सुरू झाला की रोज संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या गाडीतला चार बोंडांचा कापूस खिशात घालून आणतात. हे दोघांचे जुने खूळ आहे. सरकी वेगळी करायची, रुईचा पुंजका दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढायचा, दोन भाग एकावर एक ठेवायचे, पुन्हा ओढायचा. असे करत करत सगळे धागे केसांसारखे सरळ होतात. मग ते बोटाच्या पेरावर धरून लांबी सांगायची. यांचा अंदाज आणि प्रयोगशाळेचा आकडा यांत फरक पडत नसे. व्यापारी म्हणत, रंगरावांनी हात लावला की बोली सुरू.

आज दोघांनी मिळून एक पुंजका ओढला. यांचा डावा हात आणि भगवंतरावांचा उजवा.

"अबे, हळू! बैल वढून राह्यला का?"

"तूच ढिला धरून राह्यला, बे."

"मी ढिला? मी चाळीस साल धरलं. तू तं काटा पाहाणारा माणूस. तुले कापूस अन् सोयाबीन सारखंच."

पुंजका तुटला. दोघे लहान मुलांसारखे भांडले. मी चहा देताना रिमोटची आठवण केली, तर हे म्हणाले, "आत्ता नाई. लागते आत्ता."

भगवंतराव गेल्यावर कपाळावर घाम होता. तक्त्यात संध्याकाळच्या रकान्यात काही लिहिता आले नाही.


९ डिसेंबर, सोमवार

समीक्षाचा फोन. नागपूरला नोंद दिसते आहे. पंधरवड्यापासून संध्याकाळची वेळ कोरी. रोज. मी ओशाळले. घरातल्या गोष्टी तारेने तिकडे पोचतात, आणि इथे बसून मी समजते की अधूनमधून राहून जाते.

फोन यांना दिला. स्पीकरवर होता.

"बाबा, साडेपाच ते साडेसात तुम्ही करता काय?"

"बसतो."

"मग बसून दाबा ना. दुखत नाही का तेव्हा?"

"दुखते तं."

"मग?"

"संध्याकाळी हात लागते मले."

"कोणता हात?"

यांनी फोन मला दिला आणि अंगणात गेले.

मला मात्र उलगडा झाला. कापूस! करंट चालू असला की तो नसलेला हातही जातो, हे यांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते. आणि तो हात गेला की भगवंतरावांच्या हाताला हे सांगणार कशाच्या जोरावर? चाळीस वर्षांची विद्या त्या नसलेल्या चिमटीतच आहे. मला फार वाईट वाटले, आणि माझ्या हुशारीचा थोडा आनंदही झाला.


१० डिसेंबर, मंगळवार

भगवंतरावांच्या घरी जाऊन आले. म्हटले, दादा, आपण दुपारी बाराला येत जा. ते "हाव, हाव, वयनी" म्हणाले. सकाळची खूण हे आठलाच करतात, गुण अकरा-बाराला उतरतो. तेव्हा पाहा म्हणावे कापूस. संध्याकाळ मोकळी झाली.


२३ डिसेंबर, सोमवार

मोकळी कसली! भगवंतराव रोज दुपारी बाराला येऊन जातात. संध्याकाळचा रकाना तरीही कोरा.

आज मी रागावले. आमचा क्रम चाळीस वर्षांचा आहे. पुढच्या पडवीत सासऱ्यांच्या वेळचा लाकडी बाक आहे, त्यावर साडेपाचला बसायचे, मी पेपर वाचायचा, यांनी ऐकायचा. जिनिंगच्या ओळीत सारी उमर डावी बाजू मशीनकडे करून उभे राहिल्याने यांचा डावा कान केव्हाच गेला, म्हणून मी नेहमी उजव्या बाजूला बसते. आज अग्रलेख वाचता वाचता पाहिले, तर यांचा जबडा आवळलेला, मानेवरची शीर ताठ, आणि रिमोट खिशात.

"दाबा ना आता. कापूस तर झाला दुपारीच."

"वाच तू."

"मी वाचतेय आणि तुम्ही इथे जीव काढताय. मला काय दगडाची समजता?"

"वाच वो. तुह्या आवाजात शेतमालाचे भावही चांगले लागते."

ही स्तुती ते लग्नाच्या पहिल्या वर्षापासून करतात. तेव्हा घर भरलेले होते. सासरे खुर्चीत, सासूबाई निवडणटिपण करताना समोर. नवराबायकोने एका बाकावर बसायचे हेच मोठे धाडस. मी वाचलेले पान आमच्या मध्ये ठेवत असे आणि त्या पानाखाली माझा डावा हात. मग यांचा उजवा हात यायचा. खरखरीत बोटे, पण धरायचे कसे, तर रुई तुटू नये तसे. आणि मी न अडखळता तुरीचे भाव वाचायची. सिस्टरना माझ्या वाचनाचा अभिमान वाटला असता.

असो. त्या गोष्टी गेल्या. आजचे दुखणे दहापैकी आठ. रकाना कोरा.


५ जानेवारी २०२५, रविवार

नणंद मनकर्णाबाई आल्या. सोनाळ्याहून बसने, डोक्यावर तिळाचे गाठोडे, वय सत्त्याहत्तर. घरात सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणतात. संक्रांत करून जाणार.

यांच्या छातीवरची बॅटरी चाचपून म्हणाल्या, "रंगा, आता तुले चार्जिंगले लावा लागते का?"

"हाव. उद्या तुही लाईट कापून मले लावतो."

संध्याकाळी आम्ही बाकावर, त्या समोर खुर्चीत. मग स्वयंपाकाच्या वेळी मला म्हणाल्या, "पुष्पा, तू पेपर वाचते तवा तुहा डावा हात बाकावर असते."

"असेल. सवय आहे."

"हा तिकडंच पाहाते."

"पेपरची घडी पाहत असतील. मी वाईट घडी घालते म्हणतात."

त्यांनी तव्यावरची भाकर उलटली. मग म्हणाल्या, "कान्व्हेंटात लय शिकवलं तुमाले. आमी अडाणी. पण पेपराखाली काय चालते ते आमी तवाही पाह्यलं होतं."

मी लाजले. चौसष्टाव्या वर्षी!


६ जानेवारी, सोमवार

मोठ्या बाईंना सोनाळ्याच्या सगळ्या बातम्या भावाला सांगायच्या असतात, आणि चांगला कान उजवा. म्हणून त्यांनी माझी जागा घेतली. मी डावीकडे बसले. पेपर कोणी वाचला नाही. कोणाची सून कशी, कोणाच्या विहिरीला पाणी किती, हेच.

आणि चमत्कार! सहाला यांनी खिशातून रिमोट काढला, दाबला, आणि निवांत बसले. रकान्यात खूण. दुखणे दोन.


१५ जानेवारी, बुधवार

संक्रांत झाली. दहा दिवस, दहा खुणा. समीक्षा फोनवर आनंदाने ओरडलीच. मी म्हटले, आत्याचा धाक गं, दुसरे काय. ज्या बहिणीने लहानपणी विहिरीवरून कान धरून घरी आणले, तिच्यापुढे अजून चालत नाही यांचे.

मी मोठ्या बाईंना तसे म्हणाले, तर त्या हसल्या. "माहा धाक? याले? तो माह्या पोथीतले पैसे... जाऊ दे. धाक नाई वो पुष्पा. त्याले तवा लागतच नाई, म्हून दाबते."

"काय लागत नाही?"

"तिळाची पोळी करपून राह्यली पाह्य."

खरेच करपत होती.


१९ जानेवारी, रविवार

मोठ्या बाई गेल्या. मी माझ्या जागेवर बसले, पेपर वाचला. बाजूला पान ठेवले.

रकाना कोरा.


२ फेब्रुवारी, रविवार

समीक्षाचा फोन. यावेळी नर्ससारखी बोलली नाही, रडत होती. तपासणी अठराला आहे. शेवटच्या पंधरा दिवसांची नोंद पूर्ण असेल तर मागचे माफ, असे तिने डॉक्टरांकडून कसेबसे मान्य करून घेतले आहे. उद्यापासून एकही वेळ चुकली तर यंत्र जाईल. "मग पुन्हा ते दिवस, आई. बाबा भिंतीला डोकं लावून उभे राहायचे ते. मला नाही बघवणार."

मलाही नाही बघवणार. यांनी मात्र सगळे ऐकले आणि "बरं" एवढेच म्हणाले.

मी तक्त्याची तिन्ही पाने जमिनीवर मांडून बसले. कोरे, कोरे, मग सहा जानेवारीपासून अठरापर्यंत भरलेले, मग पुन्हा कोरे. गणिताच्या सिस्टर म्हणत, बदलले काय आणि तेच राहिले काय, एवढे पाहा. मला काही दिसेना. शेवटी तक्ता घेऊन यांच्यासमोर उभी राहिले.

"मोठ्या बाई होत्या तेव्हा रोज दाबलंत. मग माझ्यासमोरच का नाही? माझं काय चुकतं, ते तरी सांगा."

यांनी डाव्या हाताने पाने सारखी केली.

"तवा त्या अंगाले तू नव्हती," हे म्हणाले.

मी खाली बसले.

"मले मालूम हाये का तिथं काई नाई. मी का येडा हावो? पण तू हात ठेवते नं, अन् इकडून मूठ उघडते. बाकीचा सारा दिवस उघडत नाई. तेवढीच टाइम. दुखते, पण उघडते. अन् लागते तुहा हात." मग जणू भगवंतरावांना भाव सांगावा तसे म्हणाले, "अजूनही तसाच हाये. गार."

मी स्वयंपाकघरात गेले. चहा ठेवला. दूध उतू गेले ते पुसले. तेवढे केले. बाहेर जाऊन काय बोलावे हे मला पन्नास वर्षांत कोणी शिकवलेले नाही.


३ फेब्रुवारी, सोमवार

आज दिवसभर मनाशी घोळवत होते. मी म्हणणार होते की नका दाबू. एवढे असेल तर राहू द्या तो हात, मी जाते नागपूरला, मी सांगते डॉक्टरांना. वाक्य इंग्रजीतही तयार केले होते.

साडेपाचला पेपर घेऊन पडवीत आले तर हे बाकाच्या पार उजव्या टोकाला, भिंतीला टेकून बसलेले. माझी जागा भिंतीत गेलेली. डावीकडे सगळा बाक रिकामा.

"सरका की. मी कुठे बसू?"

"हे काय, एवढी जागा हाये."

"तिकडून तुम्हाला ऐकू येणार नाही."

"काय लिहिलं असंन? कालचंच असंन. बस तू."

मी बसले. यांनी रिमोट काढला. अंगठा बटणावर ठेवून थांबले. मी "अहो" म्हटले, पण डाव्या बाजूने म्हटले. ऐकूच गेले नाही. मग यांनी मान खाली घातली, उजवा दंड भिंतीकडून थोडा वर उचलला, गाडी सुटताना खिडकीतून हात करतात तसा, आणि बटण दाबले.

रिमोट खिशात गेला. दहा-बारा मिनिटे यांनी डावा हात मांडीवर तसाच ठेवला. मी शेतमालाचे भाव काढले. कापूस काढला. वाचायला लागले, उगाचच मोठ्याने, एक शब्दही पोचत नसताना. मग यांचा डावा हात आला. मध्ये पान ठेवायचे राहून गेले होते. रस्त्यावरून माणसे जात होती, समोरच्या ओट्यावर बायका बसल्या होत्या, आणि हे सरळ समोर पाहत होते. हा हात मला नवखा आहे. बोटे तितकी खरखरीत नाहीत, आणि धरायचे कसे हे त्याला अजून माहीत नाही. जरा जास्तच घट्ट धरतो.

पेपर एकाच हातात राहिल्यामुळे पान उलटता आले नाही. भाव संपल्यावर मी तेच भाव पुन्हा पहिल्यापासून वाचले.

संध्याकाळ: खूण. दुखणे एक.